पाठ न दाखवता

सिलिंडरवाल्याने खालून आरोळी ठोकली आणि गोजराबाई राणीसाहेबांकडे पाठ करून चक्क धावत सुटल्या. चहाचा ट्रे नुकताच तिपाईवर ठेवलेला, कपावर बशी झाकलेली, साखर अजून ढवळायची होती. पण तो सिलिंडरवाला एकदा का पुढच्या इमारतीत शिरला की आठवडाभर तोंड दाखवत नाही, आणि कालपासून शेगडीची ज्योत मलूल होऊन बसलेली. तेव्हा गोजराबाईंनी गॅलरीतून ‘अहो थांबा, तिसरा मजला!’ असं ओरडून घेतलं, दार उघडलं, सिलिंडर आत घेतला, साबणाचं पाणी लावून गळत तर नाही ना ते बघितलं, वर त्याला चहाही विचारला. रिकामा सिलिंडर जिन्यावरून धाडधाड आपटत खाली गेला, आवाज थांबला, आणि तेव्हा कुठे आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. हात आपोआप तोंडावर गेला. ‘अगं बाई,’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. ओट्याला धरून तशाच उभ्या राहिल्या. आतून चमच्याची किणकिण ऐकू आली. राणीसाहेब स्वतःच साखर ढवळत होत्या.

राणीसाहेबांसमोरून जाताना पाठ दाखवायची नाही. मागे मागे सरायचं, दारात थांबून मुजरा करायचा, उंबरठा पायाने चाचपून ओलांडायचा आणि नजरेआड झाल्यावरच वळायचं. करंजगडचं संस्थान विलीन झालं, तनखे बंद झाले, घोडे गेले, मोटार गेली, शेवटी बंगलाही गेला. हा एवढा रिवाज मात्र गोजराबाईंनी सोडला नव्हता. तापात सोडला नव्हता, गुडघे धरले तेव्हा सोडला नव्हता. आणि आज सिलिंडरसाठी! कुणी ऐकलं तर हसेल. त्यांना स्वतःलाही हसू येत होतं, पण ते पोटात कुठेतरी अडकून बसलं होतं. कारण पाठ दाखवली हे एक, आणि त्यावर आतून काहीच आलं नाही हे दुसरं. ‘गोजरा’ अशी हाक नाही, खाकरणं नाही. त्या ट्रे आणायला गेल्या तेव्हा राणीसाहेब खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. ‘आला का गॅस?’ एवढंच त्यांनी विचारलं. ‘जी, आला.’ गोजराबाई ट्रे घेऊन नेहमीसारख्या मागे मागे निघाल्या, आणि कित्येक वर्षांनी त्यांचं कोपर पुन्हा फ्रीजवर आपटलं.

गोजराबाई सटाण्याच्या. राणीसाहेबांचं माहेरही तिथलंच, जहागीरदारांचं, आणि गोजराबाईंचे वडील त्या घरी कारभार बघायचे. इंदुमतीराजे लग्न होऊन करंजगडला आल्या तेव्हा त्यांच्यासोबत पाठराखीण म्हणून सोळा वर्षांची गोजरा आली. पाठराखिणीने नवी नवरी सासरी रुळेपर्यंत चार-आठ दिवस राहायचं आणि लुगडं-चोळी घेऊन माघारी यायचं, अशी रीत. गोजरा माघारी गेलीच नाही. आज कुणी विचारलंच की बाई, तुम्ही इथे कशा, तर गोजराबाई गंभीर चेहरा करून सांगत, ‘आमच्या राणीसाहेब अजून रुळल्या नाहीत ना.’ सरकार, म्हणजे राणीसाहेबांचे यजमान, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गेले, तेव्हा तेराव्याच्या गर्दीत राणीसाहेबांनीच हे वाक्य त्यांच्या कानात म्हटलं होतं. ‘गोजरा, मी अजून रुळले नाही गं.’ त्या दिवशी त्यात थट्टा नव्हती.

संस्थान तरी केवढं. सकाळी घोडा सुटला की दुपारी दुसऱ्याच संस्थानात सापडायचा. चार डोंगर, एक नदी, नागलीची आणि भाताची शेतं, आणि राजवाडा म्हणायचा म्हणून राजवाडा. कौलारू, चौसोपी, पावसाळ्यात दिवाणखान्यात चार ठिकाणी घंगाळं ठेवायला लागायची. त्यातही गोजरा येईतो विलीनीकरण होऊन गेलेलं. पण राजवाड्यातली माणसं ते मानायला तयार नव्हती. बयाबाई नावाची जुनी बाई होती, हरसूलकडची, थोरल्या राणीसाहेबांच्या हाताखाली म्हातारी झालेली. तिने गोजराला मागच्या चौकात कोंबड्यांच्या मध्ये उभं करून उलटं चालायला शिकवलं. ‘लय घाई करती तू, पोरी. पाय मागं टाकला का आदी चवड्यानं जमिनीला इचारायचं, येऊ का? ती हा म्हनली का मंग टाच टेकायची.’ गोजरा कोंबड्यांवर पडली, घंगाळात बसली, एकदा तर थेट दिवाणजींच्या मांडीवर. पण महिन्याभरात तिला ते असं जमलं की बयाबाईने कडाकडा बोटं मोडली. गोजराबाईंना आजही त्या चौकातली शेणाने सारवलेली जमीन चवड्याखाली जाणवायची. गार, किंचित मऊ, आणि हो म्हणणारी.

आता ही नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधली मोझेकची फरशी. बंगल्याची जागा बिल्डरला दिली, तिथेच ही इमारत उभी राहिली आणि तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट राणीसाहेबांच्या वाट्याला आला. राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात गोजराबाईंच्या अंगावर निळे डाग पडले. तिपाई, फ्रीज, शिवणयंत्राचा कोपरा. राणीसाहेबांच्या खोलीतून मागे सरायला लागलं की तिसऱ्याच पावलाला दार. मुजरा करायला जागा अशी उरतच नाही. मग त्यांनी आपलं आपण बसवून घेतलं. दुसऱ्या पावलाला मुजरा, तिसऱ्याला उंबरठा, मग थोडं डावीकडे, की फ्रीज चुकतो. शेजारच्या बाई एकदा विरजण मागायला आल्या आणि हे बघून त्यांनी घाबरून विचारलं, ‘काय हो, चक्कर येतेय का तुम्हाला?’ राणीसाहेब आतून एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. गोजराबाईंना राग आला नाही. उलट त्या दिवशी त्यांनी खास शेवयांची खीर केली. खरं सांगायचं तर या फ्लॅटवर त्यांचा जीव जडला होता. राजवाड्यात एक राणीसाहेब शोधायला चार दालनं पालथी घालावी लागत. इथे स्वयंपाकघरात फोडणी दिली की राणीसाहेब आतून सांगत, ‘हिंग जास्त झाला.’

दर पाडव्याला राणीसाहेबांना नवी साडी यायची आणि गेल्या पाडव्याची गोजराबाईंना मिळायची. त्यामुळे गोजराबाई नेहमी एक पाडवा मागे. संध्याकाळी दोघी फिरायला निघत, गोजराबाई अर्धं पाऊल मागून, तेव्हा कोपऱ्यावरची फुलवाली ब्याण्णव सालचं अंजिरी आणि त्र्याण्णव सालचं मोतिया एकदम बघायची आणि म्हणायची, ‘आल्या का दोघी बहिनी?’ कुणीच दुरुस्त करायचं नाही. एकदा शिरगणतीवाला मुलगा आला होता. घरात कोण कोण, नातं काय, असं विचारत बसला. गोजराबाई म्हणाल्या, नोकर लिहा. त्यावर राणीसाहेब आतून म्हणाल्या, ‘माहेर लिहा.’ तो बिचारा म्हणाला, आज्जी, असं नातं नसतं. ‘नसायला काय झालं? इथे बसलेलं आहे की,’ राणीसाहेब म्हणाल्या. त्याने काय लिहिलं कोण जाणे. गोजराबाई मात्र दिवसभर कामं करता करता मध्येच थांबून गालात हसत होत्या.

पण तेव्हा राणीसाहेबांना दिसत होतं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हातभर अंतरावरचं तेवढं दिसतं, पुढे सगळं धुकं. आणि सकाळपासून गोजराबाईंना जे कुरतडत होतं ते नेमकं हेच होतं. राणीसाहेबांना आपण पळालो ते दिसलंच नसेल तर मग आपलं मागे मागे जाणं तरी कधीपासून दिसत नाही? वर्ष? दोन वर्षं? म्हणजे इतके दिवस आपण कुणासमोर मुजरा करत होतो, फ्रीजसमोर? आणि दिसलं असेल, तरी काही बोलल्या नसतील, तर ते त्याहून वाईट. पूर्वी कामातून काढलेल्या माणसाला राणीसाहेब कधी रागावत नसत. ज्याला ठेवायचं त्याला बोलत. ज्याला जायचंच आहे त्याला कशाला बोलायचं. गोजराबाई भाजी निवडत होत्या. मेथीची पानं एकीकडे, काड्या एकीकडे. थोड्या वेळाने बघतात तर काड्या भांड्यात आणि पानं कागदावर.

असं काही मनात यायला कारणही घडलं होतं. भैयासाहेब बडोद्याला कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांना रजा नव्हती म्हणून आईच्या ऑपरेशनसाठी त्यांची बायको सरिता आली होती. सरिता वहिनीसाहेब मोठ्या चांगल्या. येताना गोजराबाईंसाठी गुडघ्याला बांधायचा पट्टा आणला, स्वतःच्या हाताने बांधून दाखवला. आणि आदल्या संध्याकाळी त्याच मायेने त्या राणीसाहेबांसमोर म्हणाल्या, ‘आईसाहेब, ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब घालायचे, वेळा सांभाळायच्या. ब्युरोतून शिकलेली नर्सच ठेवू या कायमची. गोजराबाईंनी किती करायचं आता? त्यांनाही आराम नको का? सटाण्याला त्यांचे भाचे आहेत, चांगला कांदा पिकतो त्यांचा, घर बांधलंय.’ सगळं खरं होतं. भाचे दर दिवाळीला बोलावत होते. गोजराबाईंनी राणीसाहेबांकडे पाहिलं. राणीसाहेब म्हणाल्या, ‘बघू.’

आता हे ‘बघू’ म्हणजे काय, हे जगात फक्त गोजराबाईंना कळायचं. राणीसाहेबांकडे अर्ज घेऊन माणसं येत. कुणाला जमीन, कुणाला नोकरी. सगळ्यांना त्या ‘बघू’ म्हणत, आणि माणसं बाहेर येऊन गोजराबाईंच्या तोंडाकडे बघत. ‘बघू’ असं तुटक असलं तर नाही. लांबवलं तर हो. मान हलवून म्हटलं तर सरकारांना विचारून. पण कालचं ‘बघू’ या तिन्हीतलं कुठलंच नव्हतं. ते कुठे बसवावं हे गोजराबाईंना रात्रभर उमगलं नाही, आणि सकाळी हा सिलिंडर.

एकदा त्यांनी स्वतःसाठीही एक ‘बघू’ ऐकलं होतं. भिमाजी नावाचा माणूस होता, देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या कचेरीत कारकून. बंगल्यावर कशाच्या तरी निमित्ताने यायचा. सडसडीत, बोलताना टोपी हातात फिरवायचा. गोजराबाई तेव्हा चोविशीच्या. त्याने रीतसर राणीसाहेबांनाच विचारलं. राणीसाहेब म्हणाल्या, बघू. आणि ते लांबलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘कर तू लग्न. साडी मी घेते. नवी.’ त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, डोकं दुखतं म्हणाल्या. गोजरा देवळालीला भिमाजीच्या आईला भेटायला गेली. चहा झाला, लाडू झाला, म्हातारीने प्रेमाने गालावरून हात फिरवला. निघताना गोजरा सवयीने मागे मागे सरली, दारात मुजरा केला, आणि सगळं घर खो खो हसलं. भिमाजीही हसला. वाईट हेतूने नाही, कौतुकानेच. गोजराही हसली. पण बसने परत येताना नाशिक रोडपर्यंत तिच्या मनात एकच आलं, की आपल्याला जे सगळ्यांत सुरेख येतं ते त्या घरी कुणालाच नको आहे. बंगल्यावर येऊन तिने राणीसाहेबांना सांगितलं, ‘नको.’ राणीसाहेबांनी का म्हणून विचारलं नाही. रात्री तीन पोळ्या खाल्ल्या. गोजराबाईंना या गोष्टीचं कधी वाईट वाटलं का? वाटलं असेल, एखाद्या दुपारी, कपड्यांच्या घड्या घालताना, पुरुषाचा सदरा हातात आला म्हणजे. पण मग राणीसाहेब हाक मारत, पत्त्यांचा डाव मांडला जाई, आणि गोजराबाई मनापासून भांडत, ‘आपण पान लपवलंत, मी बघितलं.’ हे असं भांडायला मिळणं काही थोडं नव्हतं.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. सरिताने टॅक्सी बोलावली. राणीसाहेबांना साडी नेसवताना गोजराबाईंनी निऱ्या रोजच्याहून बारीक घातल्या. तिथे गेल्यावर त्या उतरवायच्याच आहेत हे माहीत असून. कदाचित हे शेवटचं नेसवणं. उद्या ती नर्स येईल, तिला नऊवारी नेसवता येईल का? गाऊन घालेल. राणीसाहेब गाऊनमध्ये! ओठांत धरलेल्या दोन पिना गोजराबाईंनी आणखी घट्ट दाबल्या. राणीसाहेबांनी अंदाजाने हात पुढे करून त्यांच्या ओठांतून पिना काढून घेतल्या. ‘टोचतील,’ म्हणाल्या.

दवाखान्यात सरिता कागदपत्रांसाठी खिडकीशी गेली. राणीसाहेब बाकावर, हिरवा ढगळ अंगरखा घातलेल्या, हातात बांगडी नाही, गळ्यात काही नाही. सगळं उतरवून गोजराबाईंच्या पिशवीत. गोजराबाई बाजूला उभ्या. आजूबाजूला कुणी नाही असं बघून राणीसाहेब हळूच बोलल्या. दोघीच असल्या म्हणजे राणीसाहेब कधीकधी अहिराणीत बोलत. करंजगडला कुणाला कळू नये म्हणून सुरू केलेलं, ते तसंच चालू राहिलं.

‘परवा तू वळीसन गयी.’

गोजराबाईंनी पिशवी छातीशी धरली. ‘आपल्याला दिसलं?’

‘माले काय दिसस? धुकं दिसस.’ राणीसाहेबांनी जमिनीकडे हात केला. ‘पण तुन्हा पाय माले ऐकू येतस.’

गोजराबाईंनी आपल्याच पायांकडे पाहिलं. चवडा आधी, टाच मागून. जमिनीला विचारत जाणारं पाऊल आणि धपधप टाचा आपटत जाणारं पाऊल. म्हणजे ही दोन वर्षं, सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत, खोलीतून मागे सरणारं एकेक पाऊल तिकडे पोचत होतं. फ्रीजसमोर नव्हता तो मुजरा. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि मग रागही आला.

‘मग बोलला का नाहीत? दोन दिवस माझा जीव टांगणीला.’

‘काय बोलू? माले हासू उनं. सिलिंडरसाठी पळस ही!’ राणीसाहेब खांदे हलवत निःशब्द हसल्या. बाकावर हात थोपटून म्हणाल्या, ‘बस.’ गोजराबाई बसल्या नाहीत.

सरिता हातात पावती घेऊन आली. ‘आईसाहेब, ब्युरोचा फोन येईल आता. नर्सचं नक्की करू ना?’

‘कर की. गोजराचे गुडघे पार गेलेत. तिला शेक द्यायला कुणी तरी हवंच.’

‘अहो, त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी.’

‘माझ्यासाठी गोजरा आहे,’ राणीसाहेब म्हणाल्या. त्या संध्याकाळचं ‘बघू’ हे असं होतं तर. सरिताने दोघींकडे पाहिलं, आणि शहाण्या सुनेसारखी पावतीची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

किशोर नावाचा वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन आला. चालता येतं मला, असं राणीसाहेबांनी सांगून पाहिलं, पण तिथला नियम तसा नव्हता. गोजराबाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं, अंगरखा पायांवर नीट केला. लिफ्टच्या पुढे फक्त पेशंट. किशोरने खुर्ची वळवली आणि ढकलायला लागला. राणीसाहेबांची पाठ, हिरव्या टोपीखालची पांढरी मान, गोजराबाईंना दिसली. इतक्या वर्षांत त्यांनी ती वेणी घालताना पाहिली होती, तेल लावताना पाहिली होती. जाताना अशी कधी निरखली नव्हती. ती फार बारीक होती.

‘थांब रे,’ राणीसाहेब म्हणाल्या. ‘खुर्ची फिरव.’

‘काय राह्यलं का, आज्जी?’

‘उलटी ओढ मला. तोंड इकडे राहू दे.’

‘आज्जी, असं नाय नेत कुनाला. सरळ जाऊ ना.’

‘मला असंच जायचंय.’

आवाज करंजगडच्या दिवाणखान्यातला होता. किशोरने खांदे उडवले, खुर्ची फिरवली आणि मागे मागे ओढायला लागला. राणीसाहेब ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, धुक्याने भरलेले डोळे बरोबर गोजराबाई उभ्या होत्या तिथे लावलेले. लिफ्टच्या दारात चाकं जराशी अडली. तिथे त्यांनी मान लववली, आणि उजवा हात कपाळापर्यंत नेला.

‘तुले पाठ कशी दखाडू वं?’ त्या म्हणाल्या.

 मुजऱ्याला उलट मुजरा करायचा नसतो हे गोजराबाईंना ठाऊक होतं, आणि घ्यायचा कसा हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. त्यांनी हात किंचित वर केला, बोटं जुळलेली, तळवा आत. लिफ्टचं दार सरकत मिटलं.

‘काय म्हणाल्या आईसाहेब?’ सरिताने विचारलं. तिला अहिराणी येत नव्हती.

‘काही नाही, वहिनीसाहेब. जायची रजा मागितली त्यांनी.’

‘मग?’

‘दिली,’ गोजराबाई म्हणाल्या, आणि राणीसाहेबांच्या बाकावर ऐसपैस बसल्या.